गाविलगडच्या कपारीतला बनफशा

पुण्याहून वऱ्हाडात जाऊन आलेल्या माणसाला हल्ली लोक एकच गोष्ट विचारतात: कापसाचा व्यापार काढलात की काय? मी एका फुलाचे चित्र काढायला गेलो होतो असे सांगितले की विचारणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे. ती नुसती मान हलवते. तेव्हा एकदा काय ते लिहूनच टाकावे, म्हणजे दर वेळी तोंड दुखवायला नको, असे मनात होते. आळसामुळे लिहिण्यात वर्ष गेले, पण ते बरेच झाले. वर्षापूर्वी लिहिले असते तर गोष्ट अर्धीच झाली असती.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझा बालमित्र गोविंदराव अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होता. लहानपणी तापात त्याचा डावा पाय वाळला, तेव्हापासून तो लंगडत चालतो. धावता येत नाही म्हणून खाली बघत चालायचे, आणि खाली बघता बघता झाडाझुडपांचे वेड लागले, असे तो स्वतःच सांगतो. आश्विनात त्याचे पत्र आले. चार वर्षांपूर्वी मेळघाटच्या पहाडावर, गाविलगड किल्ल्याच्या कड्याखाली एका झऱ्याकाठी त्याला एक वीतभर उंचीचे झाड दिसले होते. त्याचे पान वाळवून त्याने विलायतेतल्या एका वनस्पतिशास्त्र्याकडे पाठवले. शास्त्रीबोवांचे उत्तर आले की पान बनफशाच्या, म्हणजे काढ्यातल्या त्या जांभळ्या फुलाच्या, जातीचे दिसते खरे, पण ती जात थंड मुलखातली. पहाडावर साहेबलोकांचे बंगले आहेत, कोणा मडमेने बागेत लावलेले बाहेर पसरले असेल. फूल दाखवा, आणि ते बागेतले नव्हे हेही दाखवा.

ते झाड फुलते कार्तिकात असा त्याचा अंदाज, आणि कार्तिकात गोविंदरावाला रजा मिळत नसे. यंदा मिळाली, पण का, तर पौषापासून त्याची बदली एडनला झाली होती म्हणून. 'एडनला म्हणे गवतसुद्धा उगवत नाही,' त्याने लिहिले होते. 'हा शेवटचा हंगाम. वाळलेल्या फुलाचा आकार राहत नाही, रंग तर नाहीच. तू येऊन जिवंत फुलाचे चित्र काढ. दुसऱ्या कोणाच्या हातावर माझा भरवसा नाही.' शेवटच्या वाक्याने मी विरघळलो, हे कबूल करतो.

अकोला

आगगाडीचा रूळ नुकताच अकोल्याला पोचला होता. तिथे उतरलो आणि पहिला श्वास घेतला तो कापसाचाच. स्टेशनाबाहेर बंड्यांची रांग इतकी लांब की तिचा शेवट दिसेना. बैलगाडीला इकडे बंडी म्हणतात. एकेका बंडीवर कापसाचे गठ्ठे, वर नवऱ्या मुलासारखा ऐटीत बसलेला मालक, आणि काही बैलांच्या शिंगांना चक्क चांदीच्या टोप्या. अमेरिकेतल्या लढाईने तिकडचा कापूस थांबला, तेव्हापासून इथल्या कापसाला जे दिवस आले ते बैलांच्या शिंगांपर्यंत पोचले आहेत. बाभळीच्या काट्यांना कापसाच्या पिंज्या लागलेल्या, कुत्र्यांच्या पाठीवर कापूस, माझ्या मिशांत कापूस.

अमरावतीपर्यंत बंडी केली. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन आणि तिच्यावर फुटलेली बोंडे, क्षितिजापर्यंत. आमच्याकडे शेत म्हटले की बांधावर चार आंबे, एखादी बोर, कोपऱ्यात गवत. इथे बांधसुद्धा कापसाखाली आला होता. बायका ओळीने वेचत होत्या आणि मागे एक काडी वावगी राहत नव्हती. त्या स्वच्छतेचे मला फार कौतुक वाटले. पुढे तिनेच आमचा घात केला.

वऱ्हाडी माणसाच्या बोलण्याची मात्र सवय व्हावी लागते. एका चढावर बंडीवाला मागे वळून म्हणाला, "काहून बसले? उतरा. बैलाले जीव नाई का?" पुण्यात असे कोणी बोलले असते तर मी तोंड उघडलेच असते. उतरलो. चढ संपल्यावर त्यानेच पाण्याचा तांब्या पुढे केला, स्वतः प्यायच्या आधी. संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आले की या लोकांच्या बोलण्यात साखर नसते, ती दुसरीकडे कुठेतरी ठेवलेली असते.

अमरावती

गोविंदरावाकडे मी पोचलो तेव्हा ओसरीवर साठीच्या पुढचा एक धिप्पाड माणूस बसला होता. हे यशवंतराव पाटील. परतवाड्याच्या पुढे पहाडाच्या पायथ्याशी त्यांचे गाव. दोन वर्षे मोतीबिंदूने आंधळे होते, गोविंदरावाने गेल्या साली डोळे उघडून दिले. तेव्हापासून डॉक्टर म्हणजे त्यांचा देव.

"मास्तर, आता मले वावरातलं बारीक तणबी दिसते," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. "दोन साल बाया काय निंदत होत्या अन् काय सोडत होत्या, कोन पायलं! आता मी मांगं मांगं चालतो. एक काडी सोडू देत नाई." निंदणे म्हणजे शेतातले तण खुरपून काढणे.

पाटील आमच्या एक दिवस आधी निघून पहाडावर राहुटी ठोकणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदरावाने मला सांगितले, "पाटील बंडी जुंपताहेत. त्यांना सांगून ये, झऱ्याकाठचे काही हलवू नका म्हणावे. माझे झाड तिथेच आहे."

मी गेलो. पाटलांनी निघण्याआधी मागल्या अंगणात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले होते. रोडगा म्हणजे जाड कणकेचा गोळा, वरून करपट, आत मऊ. तो फोडायचा, तुपात चुरायचा आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. ती भाजी इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी यावे आणि तरी हात थांबू नये. आमच्या आमटीतल्या गुळाची मला त्या दिवशी लाज वाटली. मी खाता खाता सांगितले, "डॉक्टर झऱ्याकाठी दिवसभर बसणार आहेत."

"बसू द्या ना बाप्पा, त्यायचीच जागा हाये," पाटील म्हणाले आणि माझ्या पानात आणखी एक रोडगा टाकला. निरोपाचा उरलेला भाग त्या रोडग्याखाली गेला. हे वाक्य लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

एलिचपूर

आम्ही दमणीने, म्हणजे हलक्या बैलगाडीने, निघालो आणि वाटेत एलिचपूरला एका हकीमसाहेबांच्या दुकानात थांबलो. मी बनफशा कधी पाहिलेला नव्हता आणि निदान वाळका तरी हाताळावा असे गोविंदरावाचे म्हणणे. पांढऱ्या दाढीचे हकीमसाहेब वऱ्हाडीत सुरू करीत आणि हिंदुस्थानीत संपवीत. त्यांनी चिनीमातीच्या बरणीतून चिमूटभर काळपट जांभळा चुरा कागदावर काढला. वास मात्र अजून होता, फार हलका.

"खोकल्याले यासारखं दुसरं नाई," ते म्हणाले. "काश्मीर से आता है. बर्फ के मुल्क की चीज है, डॉक्टरसाब."

"हाच नव्हे, पण याचा चुलतभाऊ तुमच्या गडावर आहे," गोविंदराव म्हणाला.

हकीमसाहेब मनापासून हसले. बाहेर उन्हात उभ्या असलेल्या कापसाच्या बंड्यांकडे बोट करून म्हणाले, "और आया कौनसे रास्ते से? यहाँ तो पाँव जलते हैं."

गोविंदरावाने नुसता चुरा पुडीत बांधून घेतला. मला मात्र तो प्रश्न चिकटला. काश्मिरापासून इथपर्यंत सारी तापलेली मैदाने. वीतभर झाड, त्याला ना पाय ना पंख.

घाट

परतवाड्याची छावणी मागे टाकून घाट चढायला लागलो. गोविंदराव तट्टावर, मी पायी. खाली अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. अर्ध्या चढावर वारा बदलला आणि वर पोचेपर्यंत मी उपरणे अंगाभोवती घट्ट ओढले. साग मागे राहिले, झाडांच्या खोडांवर शेवाळ दिसू लागले, आणि दरीतून ढगाचा एक तुकडा आमच्या वाटेवरून निवांत पलीकडे गेला. वऱ्हाडात असा मुलूख असेल हे मला कोणी शपथेवर सांगितले असते तरी पटले नसते.

"आता विचार," गोविंदराव म्हणाला. "हकीमसाहेबांचा प्रश्न केव्हाचा तुझ्या पोटात आहे."

मग तट्टाच्या चालीवर त्याने जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत देतो. उत्तर ध्रुवाजवळ बर्फाच्या कडेला काही बारकी फुलझाडे वाढतात. तीच झाडे, अगदी तीच, दक्षिणेला युरोपातल्या आल्प्स पर्वताच्या माथ्यावर सापडतात. मधल्या शेकडो कोसांच्या सपाटीवर त्यांतले एकही नाही. देवाने एकच झाड दोनदा घडवले म्हणावे, तर तसे का घडवले ते सांगता येत नाही. विलायतेतल्या काही विद्वानांचे हल्ली म्हणणे असे की फार प्राचीन काळी पृथ्वी थंड पडली होती. उत्तरेचे देशच्या देश बर्फाखाली गेले. बर्फ जसा पुढे सरकला तशी ही झाडे पिढ्यान्पिढ्या, बी टाकत टाकत, दक्षिणेला सरकली आणि सपाटीवर पसरली. काही तर बर्फातून वर राहिलेल्या उघड्या सुळक्यांवर तगून राहिली असतील. पुढे ऊन परतले. सपाटीवर राहिली ती मेली. काही बर्फामागून उत्तरेला परत गेली. काही जवळच्या डोंगरावर चढत गेली आणि माथ्यावर अडकली.

"म्हणजे वऱ्हाडात बर्फ होता?" मी विचारले.

"तसे मी म्हणत नाही. इथे बर्फ कशाला हवा? खालची मैदाने थोडी थंड झाली तरी हिमालयातल्या झाडांना वाट मिळाली असेल. असेल म्हणतो. तेवढ्यासाठी तर ते फूल हवे."

तो हे बोलत असताना मी त्याच्याकडे बघत होतो. रोज शंभर लोकांची खरूज आणि ताप बघणारा हा माणूस, एक पाय अधू, पगार बेताचा, आणि डोक्यात पृथ्वीची थंडी. मला त्याचा फार अभिमान वाटला. अर्थात तसे मी बोललो नाही, तट्टू चांगले आहे एवढेच म्हणालो.

झरा

पाटील राहुटीपुढे हसत उभे होते. "या डागदरसायेब! जागा पाहा!"

जागा पाहिली. कड्याच्या पायथ्याशी झरा, त्याच्याभोवती दहा-बारा हात जमीन आरशासारखी साफ. एक पान नाही, गवताची काडी नाही, वर ताज्या शेणाचा सडा आणि पाण्याजवळ चौरंग. पाटलांनी गावाहून निंदणाऱ्या दोन बाया आणल्या होत्या. स्वतः मागे मागे चालून त्यांनी मुळासकट सगळे काढवले होते.

"लय तण माजलं होतं," ते कौतुकाने म्हणाले. "तुमी बसणार, अन् तणात? यशवंत पाटील जिता असताना?"

काळ्या मातीतल्या कुणब्याच्या घरी पाहुण्याला याहून मोठा मान नाही, हे मला आता कळते. निंदलेली जमीन हीच त्यांची बैठक. गोविंदराव तट्टावरून उतरला, लंगडत झऱ्यापर्यंत गेला, एका जागी वाकला, तिथली ओली माती बोटाने चाचपली आणि चौरंगावर न बसता खालीच बसला. त्याचा चेहरा बघून पाटलांचे हसू हळूहळू उतरले.

"काढलेले कुठे टाकले?" त्याने विचारले.

काढलेला भारा वरच्या वाडीतल्या ठकूबाई गवळणीने नेला होता. आम्ही तडक तिच्या गोठ्यावर गेलो. ठकूबाई चाळिशीची, उंच, हातात दुधाचा हंडा. ती म्हणाली, "चांगला कवळा होता. म्हशीनं खाल्ला की." म्हैस अजून रवंथ करीत होती. पृथ्वीची थंडी ओसरल्यावरही तगलेले झाड त्या म्हशीने चार घासांत संपवले होते आणि तिच्या डोळ्यांत पश्चात्तापाचा लवलेश नव्हता.

परत येताना पाटील वाटेतच खाली बसले. "काय होतं थे? सांगा तं मले. म्या काय उपटलं?"

"पाटील, चूक तुमची नाही," मी म्हणालो. "झऱ्याकाठचे काही हलवू नका, असा डॉक्टरांचा निरोप होता. मी सांगितला नाही. खाण्याच्या नादात विसरलो."

गोविंदरावाने माझ्याकडे पाहिले. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. तो एवढेच म्हणाला, "सदू, मीच जायला हवे होते."

"नाई नाई," पाटील मान हलवत म्हणाले. "मास्तरनं सांगतलं असतं तरी काय, मले कुठं ओळखू येते? तण दिसलं की हात राह्यत नाई माया. डोळे देल्ले तुमी, अन् म्या त्याच डोळ्यानं..." एवढा मोठा माणूस पागोट्याच्या शेवाने डोळे पुसू लागला, आणि गोविंदराव स्वतःचे दुःख विसरून म्हणाला, "अहो, डोळे चोळू नका. आत्ता कुठे बरे झालेत."

गढी

संध्याकाळी ठकूबाईने दूध आणि ताजा खवा आणून दिला, म्हशीच्या वतीने असेल. पहाडावरच्या खव्याची चव मी विसरणार नाही, पण त्या दिवशी तो पानातच राहिला. पाटलांनी पुन्हा विचारले की एका तणासाठी डॉक्टर असे का खचले. तेव्हा मीच सांगायला बसलो. ध्रुव आणि आल्प्स सांगून काही उपयोग नव्हता. मी आजूबाजूला पाहिले आणि विचारले, "पाटील, तुमच्या लहानपणी पेंढारी येत असत ना?"

"येत म्हंजे! मी पाच-सात सालचा असन. धुराळा दिसला की बाप मले खांद्यावर घे अन् गढीत पळे. समदं गाव गढीत."

"तसेच समजा. थंडी म्हणजे पेंढारी नव्हे, उलट. या झाडाला थंडीच मानवते. थंडी होती तेव्हा ते खाली तुमच्या वावरांतून खुशाल हिंडत असेल. मग ऊन आले, ते पेंढाऱ्यांसारखे. खाली राहिले ते मेले. जे पहाडावर पळाले ते वाचले, आणि ऊन काही गेले नाही, म्हणून ते इथेच राहिले. हा पहाड त्यांची गढी."

मग पाटलांनी जे विचारले ते आम्हा दोघा शिकलेल्यांना सुचले नव्हते.

"मंग गढीत येकच घर कसं राह्यलं? असं नसते ना बाप्पा. गढीतबी जागा पुरत नसे. कोनी गढीत जाय, कोनी नाल्यात, कोनी कपारीत. माया मावशीचं घर तं कड्याच्या भोकात राह्यलं होतं दोन महिने. जिथं घोडं चढत नाई तिथं मानूस वाचते." ते ठकूबाईकडे वळले. "ठकू, जिथं ऊन येत नाई, पानी ठिपकते, अन् तुयी म्हैस जात नाई, अशी जागा सांग."

ठकूबाईने विचारसुद्धा केला नाही. मान वर करून तिने झऱ्यावरच्या कड्याकडे बोट दाखवले. "थे काय. किल्ल्याच्या भिंतीखाली कपार हाये. तिथूनच पानी येते खाली. म्हैस काय, माई शेळीबी नाई जात तिथं."

गोविंदराव ताडकन उठला. त्याच्या अधू पायाला इतक्या चपळाईने उठताना मी कधी पाहिले नव्हते.

कपार

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किल्ल्यातून फिरून त्या भिंतीपाशी गेलो. वरून खाली डोकावले आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. पंचवीस-तीस हात खाली एक अरुंद पायरीवजा कपार, आणि तिच्याखाली सरळ कडा, तळाशी कालचा झरा. गोविंदराव उतरू शकत नव्हता. पाटील उतरायला निघाले होते, त्यांना आम्ही दोघांनी धरून ठेवले. चित्र काढणारा मी. निरोप विसरणाराही मीच. तेव्हा उतरणाराही मीच.

पाटलांच्या बंडीत कापसाचे गठ्ठे आवळायचा दोर होता. तो माझ्या कमरेला आणि काखेतून बांधला. "बारा मनाची गठान उचलते हा," पाटील म्हणाले, "तुमी तं काईच नाई." त्यांनी, त्यांच्या दोन गड्यांनी आणि ठकूबाईने मिळून मला खाली सोडले. मध्येच माझा जोडा सुटला आणि तो तळाशी पोचल्याचा आवाज फार उशिरा आला. मी डोळे मिटून घेतले आणि पाय ओल्या दगडाला लागल्यावरच उघडले.

समोर, डोळ्यांच्या रेषेत, सात झाडे होती. वीतभरसुद्धा नाहीत. पाने लांबट, बुडाशी हृदयाच्या आकाराची, आणि एका झाडावर एक फूल. फिकट जांभळ्या पाच पाकळ्या, खालच्या पाकळीवर केसाइतक्या बारीक गडद रेघा, मागे एक छोटी शेपटी. देठ वाकलेला, त्यामुळे फूल खाली बघत होते. दुसरे एकही फूल नव्हते, कळीही नव्हती.

मी कपारीला पाठ टेकून बसलो आणि कागद मांडीवर घेतला. रंगाला पाणी आणायला विसरलो होतो. वरून ठिबकणारे पाणीच कुंचल्याने टिपून घेतले. किती वेळ गेला कोण जाणे. मान वर केली तेव्हा धुके निवळले होते आणि पायांखाली सगळे वऱ्हाड पसरले होते. पांढरेशुभ्र, कापसाचे, नजर पोचेल तिथपर्यंत निंदलेले. त्या एवढ्या मोठ्या मुलखात या सात झाडांना पाय टेकायला जागा नव्हती. आणि तरी ती इथे होती, माझ्या आजोबांच्या आजोबांच्या आधीपासून, कोणाला न सांगता दर कार्तिकात फुलत. मला भडभडून आले. मी नमस्कार केला. लोक हसतील तर हसोत.

"आहे का?" वरून गोविंदराव ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

"आहे! सात आहेत! चित्र झाले!"

"फूल तोडून आण! फूल आणि एक पान!"

मी हात पुढे केला. तेवढ्यात त्यानेच पुन्हा विचारले, "फुले किती आहेत?"

"एकच!"

पाणी ठिबकत राहिले. चार वर्षे ज्यासाठी घालवली ते फूल त्याच्यापासून तीस हातांवर होते, आणि ते बघायचे तर माझ्या बोटांत धरून वर आणण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

"मग राहू दे," तो म्हणाला. "बी धरू दे त्याला. पान आण नुसते."

मला वर ओढून घेतले तेव्हा गोविंदरावाने आधी चित्र घेतले. भिंतीशी टेकून, भिंग लावून, तो ते पुन्हा पुन्हा बघत राहिला. मग म्हणाला, "देठ असाच वाकतो?" मी हो म्हटले.

राहुटीत परतल्यावर पाटील म्हणाले, "थो विलायतचा पंडित म्हणते ना, मडमेनं लावलं म्हून? मडम उतरन का तिथं? कागद आना. जागा म्या डोळ्यानं पायली हाये." वतनाच्या कागदांवर पाटील सही म्हणून नांगराचे चित्र काढतात. तसाच त्यांनी माझ्या चित्राखाली, कोपऱ्यात, एक नांगर काढला. झाड कपारीतले आहे, तिथे मनुष्याचा हात पोचत नाही, याला गाविलगडच्या पायथ्याचे पाटील साक्षी. माझ्या साऱ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले चित्र, आणि त्यातली सर्वांत चांगली रेघ माझी नाही.

पुणे

पौषात गोविंदराव एडनला गेला. चित्र पानासकट विलायतेला गेले. शास्त्रीबोवांचे उत्तर गोविंदरावाच्या मागून एडनला पोचले. झाड बागेतले नव्हे हे त्यांनी मान्य केले. हिमालयातून ते कसे आले याविषयी बी तपासल्याशिवाय बोलणार नाही म्हणाले, आणि चित्राखालचे ते अवजार कसले, अशी पृच्छा केली. गोविंदरावाने त्यांना काय उत्तर दिले ते मला ठाऊक नाही.

मी हे सगळे लिहीन लिहीन म्हणत होतो आणि लिहीत नव्हतो. परवा यशवंतराव पाटलांचे पत्र आले. त्यांच्या गावच्या पंतोजींनी लिहून दिलेले, पण पाटलांनी 'मी बोलतो तसंच लिहा' असे बजावलेले दिसते. गोविंदरावाला पाठवण्याआधी त्यातला शेवटचा भाग इथे उतरवून घेतो.

'मास्तर, यंदा मी झऱ्यावर गेलो होतो. बायायले नेलं नाई, येकटाच गेलो. मांगच्या साली डागदर जिथं बसले होते तिथं थे उगवलं हाये. तीन झाडं. वरतून पान्यासंग बी आलं असन, असं ठकू म्हणते. ओळखाले मले आता येते. त्याच्या भवतालचं समदं तण म्या माया हातानं निंदलं, थे तीन ठेवले. ठकूनं म्हैस बांधून ठेवली हाये. डागदरायले कळवा का थे आता खाली आलं हाये. दोर नाई लागत, चढाचं काम नाई. चौरंग तिथंच ठेवला हाये. त्यायनं सावकाश यावं, बसून पाहावं.'